घरच्या गॅरेजमधील चॉपर : अमेरिकी मोटारसायकल कारागिरीचा एक दुर्लक्षित इतिहास

प्रस्तावना

मोटारसायकलीचा इतिहास सामान्यतः कारखान्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या कंपनीने कोणत्या वर्षी कोणते इंजिन बाजारात आणले, शर्यतीत कोण जिंकले, कोणती कंपनी बुडाली, या गोष्टींच्या नोंदी सहज सापडतात. कारण कारखाने आपले दप्तर जपून ठेवतात. परंतु गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर पडल्यानंतर तिचे जे दुसरे आयुष्य सुरू होते, त्याचे दप्तर कोणी ठेवत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत हजारो सामान्य माणसांनी आपापल्या घराच्या गॅरेजमध्ये कारखान्यातून आलेली मोटारसायकल सुटी केली, कापली, पुन्हा जोडली आणि तिच्यातून एक निराळेच वाहन घडविले. या वाहनाला 'चॉपर' असे नाव मिळाले. छाटणे, तोडणे या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदावरून ते आलेले आहे. पुढे झेपावलेला लांब फोर्क, उंच हँडल, शेंगदाण्याएवढी म्हणावी अशी छोटी टाकी आणि मागील चाकाला स्प्रिंग नसलेली ताठ फ्रेम ही त्याची परिचित लक्षणे होत.

प्रस्तुत निबंधात तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. ही कारागिरी कारखान्यात किंवा दुकानात न वाढता घरच्या गॅरेजमध्येच का वाढली? तेथे कोणत्या प्रकारचे तांत्रिक ज्ञान निर्माण झाले? आणि या ज्ञानाला बाजारात व पडद्यावर किंमत आली, तेव्हा श्रेय कोणाच्या पदरात पडले? यातील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण जगातील सर्वांत प्रसिद्ध चॉपर ज्यांनी बांधली, त्यांची नावे सुमारे चार दशके सर्वसाधारण वाचकाला ठाऊकच नव्हती.

छाटणीची पूर्वपरंपरा

मोटारसायकल आणि घराचे परसू यांचे नाते चॉपरपेक्षा जुने आहे. हार्ले-डेव्हिडसन या कंपनीचा प्रारंभ १९०३ साली मिलवॉकी शहरात डेव्हिडसन कुटुंबाच्या परसातील सुमारे दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब अशा लाकडी खोपटात झाला. पुढे ज्या कंपनीच्या गाड्या घरोघरी कापल्या गेल्या, ती कंपनी स्वतः घरगुती खटपटीतून जन्माला आली होती, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे.

गाडी हलकी करण्याची प्रथाही महायुद्धापूर्वीची आहे. आर्थिक मंदीच्या काळात, १९३४च्या सुमारास, अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनने 'क्लास सी' हा शर्यतीचा प्रकार रूढ केला. बाजारात मिळणाऱ्या सामान्य गाड्यांवर या शर्यती होत. अनेक स्वार ज्या गाडीवरून मैदानावर येत, त्याच गाडीचे दिवे आणि पुढचे मडगार्ड काढून ठेवून शर्यतीत उतरत. मागचे मडगार्डही आखूड कापण्याची पद्धत पडली आणि अशा गाड्यांना पुढे 'बॉबर' म्हटले जाऊ लागले. येथे हेतू निव्वळ उपयुक्ततेचा होता. वजन कमी केले की गाडी अधिक वेगाने पळते, हा साधा हिशेब त्यामागे होता.

महायुद्धानंतर ब्रिटनमधून ट्रायम्फ, बीएसए यांसारख्या गाड्या अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर येऊ लागल्या. हार्लेच्या मोठ्या इंजिनाच्या गाड्यांच्या तुलनेत त्या बऱ्याच हलक्या होत्या. त्यांच्याशी बरोबरी करावयाची तर आपल्या अवजड गाडीवरील अनावश्यक भाग उतरविणे, हा हार्लेच्या मालकापुढील सर्वांत स्वस्त मार्ग होता. छाटणीच्या जुन्या परंपरेला त्यामुळे नवे कारण मिळाले.

गॅरेज हेच केंद्र का ठरले?

यामागे किमान तीन कारणे दिसतात. पहिले कारण स्वस्त यंत्रांची उपलब्धता. युद्धकाळात हार्ले-डेव्हिडसनने लष्करासाठी 'डब्ल्यूएलए' जातीच्या व तिच्या कॅनडासाठीच्या भावंडाच्या मिळून सुमारे ९०,००० गाड्या बनविल्या. युद्ध संपल्यावर लष्कराजवळ उरलेला साठा अल्प किमतीत विक्रीस आला. पोलीस खात्यांच्या जुन्या गाड्याही वेळोवेळी लिलावात निघत. कामगार तरुणाला परवडेल आणि कापताना हात कचरणार नाही, अशी गाडी यामुळे हाती येऊ लागली.

दुसरे कारण कौशल्याचे. लॉस एंजेलिस परिसरात डग्लस, लॉकहीड यांसारखे विमानांचे मोठे कारखाने होते. युद्धकाळात तेथे असंख्य स्त्री-पुरुषांनी धातू कापणे, वाकविणे, जोडणे हे काम शिकून घेतले. लष्करातून परतलेल्या अनेक तरुणांनाही यंत्रदुरुस्तीचे शिक्षण मिळालेले होते. ही विद्या दिवसा कारखान्यात वापरली जाई आणि संध्याकाळी घरी.

तिसरे कारण जागेचे. १९४४च्या सैनिक पुनर्वसन कायद्याने परतलेल्या सैनिकांना घरबांधणीसाठी कर्जाची हमी दिली. त्यातून उपनगरे वाढली आणि घराला लागून मोटार ठेवण्याची बंदिस्त जागा ही मध्यमवर्गीय घराची ओळख बनली. भाडे नाही, मालक नाही, वेळेचे बंधन नाही, अशी कार्यशाळा त्यामुळे लक्षावधी कुटुंबांना आपोआप लाभली.

मात्र ही जागा सर्वांना सारखी लाभली नाही. घरखरेदीच्या करारांत कृष्णवर्णीयांना घर न विकण्याच्या अटी घातल्या जात. अशा अटी न्यायालयामार्फत अंमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. तरी कर्जपुरवठा आणि घरांची दलाली यांतील भेदभाव पुढेही दीर्घकाळ चालू राहिला. चॉपरच्या इतिहासात याची खूण स्पष्ट दिसते. ओकलंड शहरात १९५९ साली 'ईस्ट बे ड्रॅगन्स' हा कृष्णवर्णीय मोटारसायकलस्वारांचा क्लब स्थापन झाला आणि छाटलेल्या हार्ले ही त्याच्या सदस्यांची ओळख बनली. ओकलंडला अगदी लागून असलेले सॅन लिअँड्रो हे नगर मात्र १९६०च्या दशकात जवळपास पूर्णतः गोऱ्या वस्तीचे होते. पुढे जगप्रसिद्ध झालेले आर्लेन नेस (१९३९–२०१९) यांनी आपले पहिले काम याच नगरातील घराच्या गॅरेजमध्ये केले. दोन शेजारी नगरांत एकाच काळी एकच कला वाढत होती. परंतु तिच्या कारागिरांमध्ये एक अदृश्य वेस होती.

गॅरेजमधील ज्ञान

चॉपर बांधणे म्हणजे गाडी सजविणे, असा समज आढळतो. प्रत्यक्षात यातील मुख्य काम सजावटीचे नाही. ते फ्रेमचे आहे आणि त्यात जीविताचा प्रश्न गुंतलेला आहे.

हँडलचा दांडा फ्रेमच्या ज्या नळीतून जातो, तिला गाडीची मान म्हणता येईल. ही मान उभ्या रेषेपासून किती अंशांनी मागे कललेली आहे, यावर गाडीचे वळणे अवलंबून असते. कारखान्यातून येणाऱ्या हार्लेमध्ये हा कल साधारणतः तीस अंशांच्या आसपास असे. चॉपर बांधणारा फ्रेमच्या नळ्या मानेजवळ कापून हा कल वाढवी. काही गाड्यांत तो चाळीस अंशांच्याही पुढे जाई. मान कलली की गाडीचा पुढचा भाग खाली येतो. तो पुन्हा समपातळीवर आणण्यासाठी फोर्क लांब करावा लागतो. म्हणजे चॉपरचा लांब फोर्क आणि कललेली मान या एकमेकींना धरून असलेल्या गोष्टी आहेत. नुसता फोर्क लांब केला, तर गाडीचे नाक वर उचलले जाते आणि तिची चाल बिघडते.

मानेतून जाणारी काल्पनिक रेषा जमिनीला जेथे मिळते तो बिंदू आणि पुढचा टायर जमिनीला जेथे टेकतो तो बिंदू, यांतील अंतर कल वाढविल्याने वाढते. हे अंतर जास्त असलेली गाडी सरळ रस्त्यावर वेगात स्थिर राहते. परंतु मंद गतीत तिचे पुढचे चाक एका बाजूला कोसळू पाहते आणि अरुंद जागेत वळणे कष्टाचे होते. कॅलिफोर्नियातील लांब, सरळ महामार्गांशी या गाडीचे जमले, याचे एक कारण भूमितीत आहे. गॅरेजमधील कारागिरांपैकी बहुतेकांनी ही भूमिती पुस्तकात वाचलेली नव्हती. गाडी बांधावी, चालवून पाहावी, पुन्हा कापावी, अशा क्रमाने ती त्यांच्या हातात उतरली होती.

साधनांची कमतरता हीही या ज्ञानाची एक जननी होती. हार्लेच्या १९४९पूर्वीच्या मोठ्या गाड्यांना स्प्रिंगचा फोर्क असे. त्याचे दांडे लांब करण्यासाठी जुन्या फोर्ड मोटारींच्या पुढच्या आसाचे तिरपे आधारदांडे कापून जोडले जात. लहान टाकी हवी असेल, तर 'मस्टँग' या छोट्या मोटारसायकलची टाकी भंगारातून आणली जाई. वेल्डिंगचे व्रण झाकण्यासाठी सांध्यांवर लांबी भरून ती घासली जाई आणि वर रंगाचे अनेक थर चढविले जात. क्रोमचा मुलामा तेवढा बाहेरून करून घ्यावा लागे. उरलेले बहुतेक काम गॅसची टॉर्च, करवत, कानस आणि पान्हे यांवर होई.

या कामातील धोका लपविण्याचे कारण नाही. मानेजवळचा सांधा कच्चा राहिला, तर धावती गाडी दुभंगू शकते. फोर्कच्या नळ्यांना निकृष्ट जोड दिल्यास त्या तेथेच मोडतात. अनेक चॉपरांना पुढचा ब्रेक मुळीच नसे; पुढचे चाक बारीक व मोकळे दिसावे म्हणून तो काढून टाकला जाई आणि थांबण्याची क्षमता त्या प्रमाणात घटे. सौंदर्यासाठी सुरक्षिततेचा बळी देण्याची ही वृत्ती टीकेला पात्र आहेच. तथापि एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. गॅरेजमध्ये वेल्डिंग करणारा बहुधा स्वतःच त्या गाडीवर बसणार असे. आपल्या सांध्याच्या पक्केपणाची परीक्षा त्याला स्वतःच्या देहाने द्यावी लागे. काम शिकण्याची ही अत्यंत कठोर पद्धत होती. परंतु ज्यांनी ती पार केली, त्यांचे काम विश्वासार्ह मानले जाई.

नेस यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्यांनी १९६०च्या दशकात १९४७ सालची एक हार्ले तीनशे डॉलरला विकत घेतली. दुसरी गाडी घेण्याची ऐपत नसल्याने तीच गाडी त्यांनी पुन्हापुन्हा सुटी करून नव्या रूपात बांधली आणि प्रदर्शनांत मांडली. वैपुल्यातून आलेली ही कला नव्हे. हाती असलेल्या एका वस्तूचा पुरेपूर वापर करण्याच्या गरजेतून ती आलेली आहे.

वृत्तपत्रे, चित्रपट आणि दोन विस्मृत नावे

मोटारसायकलस्वारांची सार्वजनिक प्रतिमा गॅरेजमध्ये घडली नाही; ती छापखान्यात व चित्रपटगृहात घडली. जुलै १९४७मध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या लहान गावी भरलेल्या मेळाव्यात दंगामस्ती झाली आणि 'लाइफ' साप्ताहिकाने बियरच्या बाटल्यांच्या राशीत बसलेल्या एका स्वाराचे छायाचित्र छापले. १९५३ साली आलेला मार्लन ब्रँडोचा 'द वाइल्ड वन' हा चित्रपट याच घटनेवर बेतलेल्या कथेवर आधारलेला होता. ब्रँडोने त्यात चालविलेली गाडी ट्रायम्फ होती, चॉपर नव्हती. गुंड आणि मोटारसायकल हे समीकरण मात्र तेव्हापासून रुजले.

चॉपरला जगभर पोहोचविणारा चित्रपट म्हणजे १९६९ सालचा 'ईझी रायडर'. दिग्दर्शक डेनिस हॉपर आणि निर्माता पीटर फोंडा हे दोघेही त्यात प्रमुख भूमिकांत होते. फोंडाच्या गाडीची टाकी अमेरिकी ध्वजाच्या रंगांत रंगविलेली होती आणि 'कॅप्टन अमेरिका' या नावाने ती ओळखली गेली. ही गाडी व हॉपरची 'बिली' गाडी, प्रत्येकी दोन अशा एकूण चार गाड्या तयार करण्यात आल्या. लॉस एंजेलिस पोलिसांच्या लिलावातून घेतलेल्या जुन्या हार्ले त्यांच्या मुळाशी होत्या. त्यांचे इंजिन 'पॅनहेड' जातीचे होते. इंजिनाच्या डोक्यावरील झाकणे उलट्या ठेवलेल्या पातेल्यांसारखी दिसत, म्हणून हे नाव पडले.

या गाड्यांची आखणी व जुळणी क्लिफर्ड व्हॉन्स यांनी केली आणि बांधणीचे काम बेन हार्डी यांच्या हातून झाले. दोघेही कृष्णवर्णीय होते. व्हॉन्स हे नागरी हक्क चळवळीतील 'एसएनसीसी' या विद्यार्थी संघटनेचे कार्यकर्ते व छायाचित्रकार होते आणि स्वतः चॉपर चालवीत. हार्डी यांची कार्यशाळा दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये होती आणि त्या भागातील अनेक तरुण स्वारांनी त्यांच्याकडे काम शिकून घेतले होते. याच परिसरातील वॉट्स वस्तीत ऑगस्ट १९६५मध्ये उसळलेल्या उद्रेकात ३४ माणसे मृत्युमुखी पडली होती. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, तेथील एका कारागिराच्या हातून अमेरिकी स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून जगभर मिरविली गेलेली गाडी तयार झाली.

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या दोघांची नावे आली नाहीत. व्हॉन्स यांचा निर्मितीशी प्रारंभी संबंध होता, तो चित्रीकरणाच्या काळात संपुष्टात आला. पुढील कित्येक वर्षे या गाड्यांची जन्मकथा पडद्यावरील नटांच्या आठवणींतूनच सांगितली गेली. हार्डी १९९४ साली वारले. त्यांच्या कामाची व्यापक दखल एकविसाव्या शतकात, चॉपरच्या इतिहासाविषयीचे माहितीपट व पुस्तके येऊ लागल्यावर घेतली गेली. व्हॉन्स २०१६ साली वारले. आपले नाव इतिहासात परत येताना त्यांना काही अंशी तरी पाहता आले.

गाड्यांचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच तीन गाड्या चोरीस गेल्या. चौथी 'कॅप्टन अमेरिका' अखेरच्या दृश्यात मोडली. या मोडक्या गाडीची पुनर्बांधणी म्हणून सांगितली गेलेली एक गाडी ऑक्टोबर २०१४मध्ये लिलावात साडेतेरा लाख डॉलरला गेली. परंतु अस्सल गाडी आपल्याकडे आहे, असा दुसऱ्या एका संग्राहकाचाही दावा असल्याने तिच्या खरेपणाविषयी वाद झाला. अस्सल वस्तू कोणती, यासाठी लक्षावधी डॉलर पणास लावणाऱ्या बाजाराला ती कोणी घडविली, हा प्रश्न मात्र फार उशिरा पडला.

गॅरेजकडून कारखान्याकडे

'ईझी रायडर'नंतर चॉपरची मागणी एकदम वाढली. एड रॉथ यांनी १९६७ साली सुरू केलेले 'चॉपर्स मॅगेझिन' आणि १९७०च्या दशकारंभी आलेले 'ईझीरायडर्स' यांसारख्या नियतकालिकांनी गॅरेजमधील युक्त्या गावोगावी पोहोचविल्या. तयार लांब फोर्क, तयार फ्रेम, तयार हँडल टपालाने मिळू लागले. ज्याला वेल्डिंग येत नव्हते, त्यालाही आता नट-बोल्ट आवळून चॉपर जुळविता येऊ लागली. याने कला सर्वांसाठी खुली झाली. त्याचबरोबर गाड्या एकसारख्या दिसू लागल्या.

कारखान्यानेही गॅरेजचे अनुकरण केले. हार्ले-डेव्हिडसनने १९७१च्या मॉडेल-वर्षात 'सुपर ग्लाइड' आणली. विली जी. डेव्हिडसन यांनी आखलेल्या या गाडीत मोठ्या हार्लेची फ्रेम व इंजिन आणि लहान 'स्पोर्टस्टर'चा पुढचा भाग एकत्र आणलेला होता. गॅरेजमध्ये अशी जोडणी वर्षानुवर्षे होत आली होती. त्याहून लक्षणीय उदाहरण 'सॉफ्टेल'चे. ताठ फ्रेमची रेषा तशीच ठेवून मागचे शॉक ॲब्सॉर्बर दृष्टीआड बसविण्याची युक्ती सेंट लुई येथील बिल डेव्हिस या अभियंत्याने स्वतंत्रपणे विकसित केली. कंपनीने तिचे हक्क विकत घेतले आणि १९८४च्या मॉडेल-वर्षात ती बाजारात आणली. डेव्हिस यांच्या युक्तीला किमान कागदोपत्री मोल मिळाले. त्यांच्याआधीच्या असंख्य अनामिक कारागिरांच्या कल्पना मात्र कोणत्याही कराराविना कारखान्यात पोहोचल्या.

पुढचा टप्पा दूरचित्रवाणीचा. २००० साली 'मोटारसायकल मॅनिया' या माहितीपटाने जेसी जेम्स यांना, तर २००३पासून 'अमेरिकन चॉपर' या मालिकेने न्यूयॉर्क राज्यातील ट्यूटल पिता-पुत्रांना घरोघरी पोहोचविले. ठरावीक मुदतीत गाडी पूर्ण करण्याची घाई आणि बापलेकांची भांडणे हे मालिकेचे मुख्य आकर्षण होते. या लाटेत चॉपरची किंमत हजारो डॉलरच्या घरात गेली आणि ती श्रीमंतांच्या हौसेची वस्तू बनली. २००८च्या आर्थिक संकटाने ही लाट ओसरली. टेक्सासमधील 'अमेरिकन आयर्नहॉर्स' २००८ साली बंद पडली आणि कॅन्ससमधील 'बिग डॉग'ने २०११ साली मोटारसायकलींचे उत्पादन थांबविले. मोठे उत्पादक गेले; घरच्या गॅरेजमधील हौशी कारागीर मात्र टिकून राहिले, कारण त्यांचा व्यवहार मुळात कर्जाच्या बाजारावर उभा नव्हता.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, चॉपर ही बंडखोर वृत्तीची केवळ अभिव्यक्ती नव्हती. युद्धोत्तर काळातील स्वस्त यंत्रे, कारखान्यांत शिकलेले हात आणि घरालगतची मोकळी जागा या तीन भौतिक गोष्टींच्या संयोगातून ती निर्माण झाली. दोन, गॅरेजमध्ये निर्माण झालेले ज्ञान खरेखुरे तांत्रिक ज्ञान होते आणि कारखान्यांनी ते पुढे स्वीकारले. तीन, या ज्ञानाचे श्रेय वर्ण, वर्ग आणि प्रसिद्धी यांच्या चाळणीतून गळत गेले.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००६च्या मॉडेल-वर्षापासून लागू केलेल्या मोटारसायकलींच्या उत्सर्जन-नियमांत एक लहानशी सवलत ठेवलेली आहे. सुट्या भागांच्या संचापासून स्वतःच्या वापरासाठी गाडी बांधणाऱ्या व्यक्तीला या नियमांतून आयुष्यात एकदाच सूट मिळते. प्रदूषणाचा विचार करता हे बंधन रास्त आहे. परंतु याच नियमाने एक गोष्ट नकळत मान्य केली आहे : माणसाला आपले वाहन आपल्या हाताने घडवावेसे वाटते आणि या इच्छेला कायद्यातही काही जागा असली पाहिजे.

इतिहासलेखनात मात्र ही जागा अद्याप अपुरी आहे. जुन्या नोंदणीपत्रांवरील शेरे, क्लबांच्या सहलींची छायाचित्रे, लिलावांच्या पावत्या आणि वृद्ध कारागिरांच्या आठवणी ही या इतिहासाची साधने होत. कारखान्याच्या दप्तरासारखी ती एका ठिकाणी मिळत नाहीत आणि माणसांबरोबर नाहीशी होतात. बेन हार्डी यांचे नाव परत मिळाले, कारण त्यांनी बांधलेली गाडी लक्षावधी प्रेक्षकांनी पाहिली होती आणि त्यांना ओळखणारी माणसे हयात होती. ज्यांच्या गाड्या कोणत्याही चित्रपटात दिसल्या नाहीत, अशा कारागिरांची नावे शोधण्यास त्यांचे सोबती हयात आहेत तोवरच अवधी आहे.